दार नसलेले न्हाणीघर

दिल्लीतले एक साधे घर. न्हाणीघर घराबाहेर बांधलेले, भिंती होत्या पण दार नव्हते. दाराच्या जागी पडदा टांगलेला. घरातली मुलगी आंघोळीला गेली की शेजारचा एक माणूस काहीतरी निमित्त काढून तिथे येऊन उभा राही, आत डोकावे, शेरे मारी, हातवारे करी. प्रकरण पोलिसांत गेले, शिक्षा झाली, आणि अपील दिल्ली उच्च न्यायालयात आले. तिथे आरोपीच्या बाजूने सांगण्यात आले की न्हाणीघर उघड्यावर आहे, त्याला दार नाही, म्हणून ती सार्वजनिक जागा ठरते. मग तिथली आंघोळ ही खासगी कृती कशी?

एप्रिल 2023 मध्ये न्या. स्वर्णकांता शर्मा यांनी हा युक्तिवाद फेटाळला. दाराऐवजी पडदा असला म्हणून आंघोळ सार्वजनिक होत नाही, असे सांगत त्यांनी नदीवरच्या पवित्र स्नानाचाही दाखला दिला. तिथे शेकडो लोक आजूबाजूला असतात, तरीही आपले फोटो किंवा चित्रण कोणी करणार नाही, हे स्नान करणाऱ्या बाईने गृहीत धरणे रास्तच आहे.

हा निकाल मला फार महत्त्वाचा वाटतो. चाळीच्या टोकाची मोरी, वाड्यातले सामाईक न्हाणीघर, पाड्यावर कुडाचा नाहीतर साडीचा आडोसा, ऊसतोडीच्या तळावर चार बांबूंना गुंडाळलेले प्लास्टिक: आपल्याकडे कितीतरी बायकांची आंघोळ अशाच जागी होते. घराला पक्के दार लावण्याची ऐपत असेल त्यालाच खासगीपण, असा अर्थ न्यायालयाने काढला असता तर या सगळ्याजणी कायद्याच्या बाहेर राहिल्या असत्या. नदीकाठचा दाखलाही नुसता बोलण्यापुरता राहिला नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये प्रयागराजच्या महाकुंभात स्नान करणाऱ्या स्त्रियांचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकणाऱ्या खात्यांवर उत्तर प्रदेश पोलिसांनी गुन्हे नोंदवले. 2027 मध्ये नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाची स्नाने आहेत. गोदाघाटावर येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तेव्हा मोबाइल असेल.

ज्या कलमाखाली दिल्लीतली शिक्षा झाली ते भारतीय दंड संहितेचे कलम 354-सी. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 ने घेतली आहे. कायद्याच्या इंग्रजी मजकुरात याला व्हॉयरिझम म्हणतात. मराठीत सरळ सांगायचे तर चोरून पाहणे. कलमात तीन कृत्ये येतात: पाहणे, चित्रित करणे आणि ते चित्रण पसरवणे. यांपैकी कोणतेही एक केले तरी गुन्हा पुरा होतो. म्हणजे कॅमेरा नसला तरी चालते, भोकातून लावलेला डोळा पुरतो. आणि कॅमेरा असेल तर चित्रण कुठे पाठवले गेले नाही, कोणाला दाखवले गेले नाही, हा बचाव होत नाही. ‘अहो, पण त्याने ते कुठे टाकलं नाही ना?’ असे म्हणून पुष्कळ प्रकरणे पोलीस ठाण्याच्या पायरीवरूनच परत पाठवली जातात. कायद्यात या वाक्याला कसलाही आधार नाही.

खासगी कृती कोणती, हेही कलमाने सांगितले आहे. जिथे खासगीपणा मिळेल अशी रास्त अपेक्षा असते, अशा जागी बाईचे गुप्तांग, नितंब किंवा स्तन उघडे असणे वा फक्त अंतर्वस्त्रांनी झाकलेले असणे. तिने शौचालय वापरणे. किंवा चारचौघांत सहसा केली जात नाही अशी लैंगिक कृती. जागेच्या मालकीबद्दल, भिंतींच्या उंचीबद्दल, कडीकोयंड्याबद्दल कलम काही बोलत नाही. आपल्याला कोणी पाहत नाही असे त्या बाईने त्या परिस्थितीत धरून चालणे रास्त होते का, एवढेच ते विचारते. कायद्याने राखण धरली आहे ती तिच्या भरवशाची.

म्हणूनच या कलमाचे दुसरे स्पष्टीकरण इतके मोलाचे आहे. बाईने चित्रणाला संमती दिली असेल, पण ते तिसऱ्याला दाखवायला दिली नसेल, तर ते पसरवणे हा गुन्हाच आहे. प्रेमात असताना, लग्नात असताना पाठवलेला फोटो हा एका माणसावर टाकलेला विश्वास असतो, आणि नाते तुटले म्हणून त्या फोटोवर त्या माणसाचा हक्क तयार होत नाही. ‘तिनेच पाठवला होता’ हे वाक्य ऐकून ज्या मुली गप्प बसतात, त्यांच्यापर्यंत हे स्पष्टीकरण पोहोचायला हवे. पश्चिम बंगालमधल्या तमलुकच्या न्यायालयाने 2018 मध्ये आपल्या मैत्रिणीची खासगी चित्रफीत इंटरनेटवर टाकणाऱ्या तरुणाला 5 वर्षांची शिक्षा दिली, आणि भरपाईसाठी त्या मुलीला बलात्कारपीडितेसारखे मानावे असे म्हटले.

पहिल्यांदा दोषी ठरणाऱ्याला कलम 77 खाली किमान 1 वर्ष आणि कमाल 3 वर्षे कैद, शिवाय दंड. दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान 3 आणि कमाल 7 वर्षे. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. पहिल्या वेळी मात्र तो जामीनपात्र आहे. 2013 च्या मार्चमध्ये संसदेसमोर विधेयक असताना पक्षांच्या वाटाघाटींत ही सवलत घातली गेली. मला ती पटत नाही. त्याच इमारतीत, त्याच वसतिगृहात राहणारा आरोपी ठाण्यातून सुटून लगेच समोर येतो, तेव्हा तक्रार करणारीच घर सोडते. तरी एक गोष्ट नीट समजून घ्यावी: जामीन मिळणे म्हणजे निर्दोष सुटणे नव्हे, आणि फिर्याद त्यामुळे संपत नाही.

2013 च्या आधी काय होते? 1860 च्या दंड संहितेत कलम 509 होते, स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करणारे शब्द, हावभाव आणि तिच्या एकांतावर आक्रमण यांबद्दलचे. शिक्षा जास्तीत जास्त 1 वर्षाची. शतकभराहून अधिक काळ चोरून पाहणाऱ्याविरुद्ध तेवढाच आधार होता. डिसेंबर 2012 मध्ये दिल्लीत धावत्या बसमधल्या सामूहिक बलात्कारानंतर न्या. जे. एस. वर्मा, न्या. लीला सेठ आणि गोपाळ सुब्रमण्यम यांची समिती नेमली गेली. 29 दिवसांत, 23 जानेवारी 2013 रोजी, तिने अहवाल दिला. चोरून पाहणे आणि पाठलाग करणे हे स्वतंत्र गुन्हे मानावेत ही तिची शिफारस त्याच वर्षी कायद्यात आली. त्या वेळी कलमात ‘कोणताही पुरुष’ असे शब्द होते. न्याय संहितेने ते बदलून ‘जो कोणी’ केले. म्हणजे कपडे बदलण्याच्या खोलीत दुसऱ्या बाईचे चित्रण करणारी बाईही आता आरोपी होऊ शकते. पैशांसाठी असे चित्रण करून देणाऱ्या बायका असतात, त्यांना जुन्या शब्दांची ढाल मिळत होती.

2013 च्याही आधीचे, आणि माझ्या मते अजून पुरेसे न वापरलेले, एक हत्यार आहे: माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम 66-ई. 2008 च्या दुरुस्तीने ते आले आणि 27 ऑक्टोबर 2009 पासून लागू झाले. कोणत्याही व्यक्तीच्या खासगी अवयवांचे चित्र तिच्या संमतीशिवाय टिपणे, प्रसिद्ध करणे किंवा पाठवणे यासाठी 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इथे ‘व्यक्ती’ असा शब्द आहे. पुरुष, तृतीयपंथी, सगळे त्यात येतात. कलम 77 मध्ये पीडित फक्त स्त्री असू शकते; जिमच्या कपडे बदलण्याच्या खोलीत किंवा मुलांच्या वसतिगृहाच्या न्हाणीघरात ज्याचे चित्रण झाले त्या तरुणाला 66-ई हाच मुख्य आसरा आहे.

या कलमाची व्याख्या वाचताना मी प्रत्येक वेळी थबकते. खासगीपणाचा भंग कोणत्या परिस्थितीत होतो हे सांगताना ती म्हणते की आपल्या खासगी अवयवांचा कोणताही भाग लोकांना दिसणार नाही अशी रास्त अपेक्षा जिथे आहे तिथे, मग ती व्यक्ती सार्वजनिक जागी असो वा खासगी. लोकलच्या जिन्यावर, मॉलच्या सरकत्या जिन्यावर, गर्दीच्या बसमध्ये मोबाइल खाली धरून स्कर्टच्या आतले चित्रण करणारा माणूस या व्याख्येत नेमका सापडतो. इंग्लंडमध्ये हाच प्रकार स्पष्ट गुन्हा ठरायला 2019 चे एप्रिल उजाडले. लंडनच्या हाइड पार्कमधल्या संगीत महोत्सवात 2017 मध्ये जिना मार्टिन या तरुणीच्या बाबतीत हे घडले. तिने फोन हिसकावून पोलिसांना दिला, तरी त्या वेळच्या कायद्यात प्रकरण नीट बसेना. तिने मोहीम चालवली. 2018 मध्ये संसदेत एका खासदाराच्या आक्षेपामुळे विधेयक अडले, मग सरकारनेच ते हाती घेतले. आपल्याकडे तोवर ही तरतूद जवळपास 10 वर्षे पुस्तकात होती. तिचा मराठीत कोणी गाजावाजा केल्याचे मला आठवत नाही.

कायद्याची हद्दही ठाऊक असावी, नाहीतर तक्रार चुकीच्या कलमाखाली जाऊन पडते. रस्त्यावर, घराच्या अंगणात, अंगभर कपड्यांत असलेल्या बाईचा फोटो तिच्या मनाविरुद्ध काढणे हे चोरून पाहण्याच्या कलमात बसत नाही. केरळ उच्च न्यायालयाने 2024 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2025 मध्ये हे स्पष्ट केले: खासगी कृती चालू असली पाहिजे. पण म्हणून असा माणूस मोकळा सुटतो असेही नाही. पुन्हा पुन्हा मागे येणे, ऑनलाइन पाळत ठेवणे यासाठी कलम 78 आहे. विनयशीलतेचा अपमान आणि एकांतावर आक्रमण यासाठी कलम 79 आहे, शिक्षा 3 वर्षांपर्यंत. फोटोच्या जोरावर धमकी दिली तर कलम 351, पैसे मागितले तर खंडणीचे कलम 308. फिर्याद देताना घडले ते क्रमाने सांगावे आणि कलमे पोलिसांनी लावावीत. मात्र कोणती लावली ते एफआयआरच्या प्रतीवर वाचून पाहावे. ती प्रत फुकट मिळणे हा हक्क आहे.

‘छुपा’ या शब्दाभोवतीही गोंधळ होतो. एप्रिल 2015 मध्ये गोव्यात कांदोळीच्या एका कपड्यांच्या दुकानात तत्कालीन केंद्रीय मंत्री स्मृती इराणी खरेदीला गेल्या असता, एक कॅमेरा कपडे घालून पाहण्याच्या खोलीच्या दिशेने रोखलेला असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. तक्रार झाली, कर्मचाऱ्यांना अटक झाली, त्यांना जामीन मिळाला. कॅमेरा छुपा नव्हता, दुकानाच्या देखरेखीचा होता, असे कंपनीचे म्हणणे होते. त्या घटनेने एक प्रश्न सगळ्या दुकानदारांपुढे ठेवला. सुरक्षेसाठी लावलेला, सर्वांना दिसणारा कॅमेराही नको तिथे वळला तर काय? कलमात ‘छुपा’ हा शब्दच नाही. कॅमेरा लपवला होता का यापेक्षा त्यात काय दिसत होते, ते कोण आणि का पाहत होते, याला महत्त्व आहे. चुकून वळलेला कॅमेरा आणि जाणूनबुजून वळवलेला कॅमेरा यांत न्यायालय फरक करील. पण तो वळला आहे हे कळल्यावरही तसाच ठेवणाऱ्याला ‘चुकून’ म्हणणे कठीण जाईल.

खरोखर लपवलेली उपकरणे आज भिंगाच्या छिद्रापुरती उरली आहेत. एक-दोन मिलिमीटरचे भोक पुरते. चार्जर, प्लगचा सॉकेट, धुराची सूचना देणारे यंत्र, घड्याळ, टीव्हीखालचा डबा, शॉवरच्या बाजूचे हूक यांत ती बसवली जातात. दक्षिण कोरियात 2019 मध्ये उघड झालेल्या प्रकरणात 10 शहरांतल्या 30 मोटेलांच्या 42 खोल्यांत टीव्हीचे डबे, सॉकेट आणि हेअर ड्रायरचे धारक यांत कॅमेरे होते आणि सुमारे 1,600 पाहुण्यांचे चित्रण थेट प्रक्षेपित झाले होते. त्याच्या आदल्या वर्षी सोलच्या रस्त्यांवर हजारो स्त्रिया छुप्या चित्रणाविरुद्ध उतरल्या होत्या. 2020 मध्ये त्या देशाने असे चित्रण जवळ बाळगणे आणि पाहणे हाही शिक्षापात्र गुन्हा केला. मागणी आहे म्हणून पुरवठा होतो, हे तिथल्या कायद्याने मान्य केले. आपल्या कलम 77 मध्ये टिपणारा आणि पसरवणारा सापडतो. गटात आलेली चित्रफीत आवडीने पाहणारा आणि जपून ठेवणारा सापडत नाही.

परक्या खोलीत शिरल्यावर दिवे मालवून मोबाइलच्या टॉर्चचा झोत संशयाच्या जागांवर हळूहळू फिरवावा. भिंग असेल तर बिंदूएवढी चमक परत येते. अंधारात चित्रण करणारे कॅमेरे अवरक्त प्रकाश सोडतात, तो डोळ्यांना दिसत नाही पण मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात पुष्कळदा जांभळट ठिपक्यासारखा दिसतो. पलंगाकडे किंवा न्हाणीघराकडे तोंड करून असलेली, विनाकारण वीज घेणारी वस्तू सरळ प्लगमधून काढावी किंवा टॉवेलने झाकावी. आरशावर बोट टेकवून पाहण्याची जी युक्ती सगळीकडे फिरते तिच्यावर विसंबू नये. आणि यांतले काहीही न सापडणे ही खात्री नव्हे; मेमरी कार्डावर नोंद करणारा कॅमेरा वायफायच्या यादीतही दिसत नाही. बाईने प्रत्येक खोली तपासत हिंडावे ही अपेक्षाच मुळात अन्यायाची आहे, पण आज माहिती असलेली बरी.

कॅमेरा सापडला तर पहिल्या दहा मिनिटांत प्रकरण घडते किंवा बिघडते. संतापाने माणूस तो उपटतो, फोडतो, कार्ड काढून आपल्या मोबाइलमध्ये घालून पाहतो. किंवा व्यवस्थापक म्हणतो, ‘द्या मॅडम, आम्ही बघतो,’ आणि वस्तू त्याच्या खिशात जाते. दोन्ही टाळावे. उपकरण आहे तिथेच राहू द्यावे, त्याच्या जागेचे आणि रोखाचे आपल्या मोबाइलवर चित्रण करावे, खोलीचा क्रमांक आणि वेळ त्यात यावी, दार लावून घ्यावे आणि 112 ला फोन करावा. पुरावा गायब करणे हा न्याय संहितेच्या कलम 238 खाली वेगळा गुन्हा आहे. व्यवस्थापकाला हे शांतपणे ऐकवले की त्याचा हात बहुधा थांबतो.

मूळ कार्डाचे मोल किती, हे आपल्याच जालन्याच्या एका प्रकरणाने शिकवले आहे. तिथल्या 2014 च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरले गेले की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावर येऊन ठेपला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2020 मध्ये सांगितले की डिजिटल नोंदीची नक्कल पुरावा म्हणून द्यायची तर प्रमाणपत्र सक्तीचे, आणि मूळ उपकरणच त्याच्या मालकाने साक्षीत सिद्ध केले तर ते लागत नाही. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालच्या प्रमाणपत्रात आता त्या फाइलचे हॅश मूल्यही लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा: एक बिंदू बदलला तरी ठसा वेगळा उमटतो. कार्ड मध्येच कोणी आपल्या मोबाइलमध्ये घालून उघडले असेल तर आरोपीचा वकील नेमका तिथेच बोट ठेवतो.

फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. घटना गोव्यातल्या हॉटेलात घडली आणि तुम्ही सांगलीला परत आलात, तर सांगलीचे ठाणे शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो तिकडे पाठवील. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 ने ते बंधनकारक केले आहे. कलम 77 च्या फिर्यादीत स्त्रीचे म्हणणे महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायचे असते. पुढे दंडाधिकाऱ्यासमोरही तिचा जबाब नोंदवला जातो. पीडित 18 वर्षांखालची असेल, मुलगा असो वा मुलगी, तर पॉक्सो कायदा लागतो, आणि तिथे ज्याला कळले त्याने कळवणे सक्तीचे आहे. शाळेने, वसतिगृहाने ‘नाव खराब होईल’ म्हणून दाबून ठेवणे हा तिथे गुन्हा आहे.

चित्रण पसरले असेल तर फिर्यादीच्या निकालाची वाट पाहत बसू नये. नग्नता किंवा लैंगिक कृती दाखवणारा मजकूर पीडितेच्या तक्रारीनंतर 24 तासांत हटवण्याची जबाबदारी 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी समाजमाध्यम कंपन्यांवर टाकली; 2026 च्या दुरुस्तीने ही मुदत 2 तासांवर आणली. ज्या पत्त्यांवर तो दिसतो त्यांचे स्क्रीनशॉट आणि दुवे आधी जपावेत, मग तक्रार करावी. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न देताही करता येते. डिसेंबर 2021 मध्ये सुरू झालेल्या ‘स्टॉप एनसीआयआय’ या सेवेत तोच हॅश पीडितेच्या बाजूने कामाला येतो: फोटो तिच्या मोबाइलमध्येच राहतो, फक्त ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो, आणि तशी फाइल त्यांच्याकडे आली की अडवता येते.

एवढे सगळे असूनही एक भोक उघडे आहे, आणि ते बुजवले जावे असे मला मनापासून वाटते. पीडितेचे नाव छापण्यावर बंदी घालणारे न्याय संहितेचे कलम 72 फक्त कलम 64 ते 71 मधल्या गुन्ह्यांना लागू आहे, म्हणजे बलात्कार आणि त्यासंबंधीच्या गुन्ह्यांना. कलम 77 त्यात नाही. पॉक्सोखालच्या मुलांची ओळख कायद्याने झाकली जाते. 18 वर्षे पुरी झालेल्या मुलीची, जिचे चित्रण वसतिगृहाच्या न्हाणीघरात झाले, तिची झाकली जात नाही. तिचे नाव, कॉलेज, गाव बातमीत आले तर कलम 72 तिच्यासाठी धावून येत नाही, आणि ते नाव शोधपेटीत टाकून चित्रफीत हुडकणारे लोक त्याच संध्याकाळी कामाला लागतात. कायदा बदलेपर्यंत फिर्यादीतच वकिलामार्फत नाव झाकून ठेवण्याची विनंती लेखी करावी, संपादकांनी स्वतःहून नाव गाळावे. कायम उपाय मात्र संसदेकडेच आहे: कलम 72 मध्ये 77 हा आकडा घालणारी एका ओळीची दुरुस्ती.